चांदा प्रांतांतील रुग्णवहनाची व्यवस्था व तिचे कागद

चांदा प्रांताच्या इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे गोंडराजांच्या वंशावळी, नागपूरकर भोसल्यांचे कागद आणि इंग्रजी अमदानींतील बंदोबस्ताचे अहवाल एवढींच सामान्यतः डोळ्यांपुढें येतात. किल्ला कोणीं बांधला, परगणा कोणाकडे होता, वसूल किती बसला, या प्रश्नांचीं उत्तरें त्यांतून निघतात. परंतु वैनगंगेच्या कांठच्या एखाद्या गांवीं रात्रीं मनुष्य अंथरुणास खिळला असतां त्यास वैद्यापर्यंत कोणीं नेलें, कशावर नेलें आणि त्या वाहण्याचा खर्च कोणाच्या नांवें पडला, हा प्रश्न या साधनांना विचारण्याचा प्रघात नाहीं. २०२४ सालीं रुग्णवाहिकांच्या सरकारी कंत्राटावरून महाराष्ट्रांत मोठा गवगवा झाला. कंत्राटांत भ्रष्टाचार झाल्याचा आरोप ज्यांनीं पुढें मांडला त्यांत तत्कालीन विरोधी पक्षनेते विजय वडेट्टीवार हे होते, आणि ते ब्रह्मपुरीचेच आमदार. तो आरोप खरा कीं खोटा हें ठरविण्याचीं स्थानें निराळीं आहेत. आम्हांस त्या वादांतली दुसरीच एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी वाटली. दोन्ही पक्षांचें बोलणें वाहनें किती व पैसा किती, या दोन आंकड्यांभोंवतींच फिरत होतें. रोगी किती वेळांत पोंचला, हा तिसरा आंकडा कोणाच्या तोंडीं फारसा नव्हता. तो तोंडीं कां नव्हता, याचें कारण कागदांत शोधावें लागतें.

ब्रह्मपुरी ही चांदा जिल्ह्यांतील जुनी तहसील. तिचा विस्तार आज नकाशावर दिसतो त्याहून एके काळीं पुष्कळच मोठा होता. वैनगंगेपलीकडील जमीनदाऱ्यांचा बराच मुलूख तिच्यांत मोडत असे. १९०५ सालीं ब्रह्मपुरी व चांदा या दोन तहसिलींतील जमीनदाऱ्या काढून गडचिरोली ही नवी तहसील करण्यांत आली, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. अंमलदार रयतेच्या जवळ आला हें खरें. पण रोग्याची वाट हद्दीच्या रेघेप्रमाणें वळत नाहीं. वडसा, आरमोरी, कुरखेडा या बाजूचीं माणसें जिल्हा निराळा झाल्यावरही दुखण्याखुपण्यास नदी ओलांडून ब्रह्मपुरीस येत राहिलीं. मिशनचें ख्रिस्तानंद रुग्णालय व दुसरे खासगी दवाखाने तेथें आहेत. तेथें भागलें नाहीं तर पुढें नागपूर, म्हणजे सुमारें सव्वाशें किलोमीटर. तात्पर्य, या टापूंतला रोगी एकदां वाहून भागत नाहीं. गांवापासून आरोग्य केंद्रापर्यंत, तेथून तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत, आणि तेथून जिल्ह्यास वा नागपुरास, असे दोन-तीन टप्पे त्यास पडतात. प्रत्येक टप्प्याचें वाहन निराळें, खातें निराळें आणि कागदही निराळा.

जुन्या दप्तरांत वाहन आढळतें तें बहुधा मानाचें. पालखी हा मराठी राज्यांत दरबारनें द्यावयाचा बहुमान होता. ज्यास ती मिळे त्यास तिच्या खर्चाची नेमणूकही मिळे, आणि ती नेमणूक दप्तरांत पडे. जखमी शिपायाची नोंद आपल्या साधनांत नाहीं असें नाहीं. अफझलखानाच्या प्रसंगानंतर शिवाजी महाराजांनीं जखमा पाहून कमीअधिक होन वांटल्याचें सभासद सांगतो. मात्र ते जखमी रणांतून कोणाच्या खांद्यावरून आले हें सांगण्याजोगें त्यास वाटलें नाहीं. जखमेचें मोल ठरत असे, वाटेचें ठरत नसे.

वैनगंगेच्या खोऱ्यांत वाहण्याचें काम ढिवरांकडे असे. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथांत मासे धरणें, पाणी भरणें व पालखी वाहणें हीं या जातीचीं कामें म्हणून दिलीं आहेत. नदीवरचा डोंगाही तिच्याच हातीं. याशिवाय गोंडवनाच्या जमीनदारी मुलखांत बेगार चाले. अंमलदाराचा मुक्काम हलला म्हणजे त्याचा तंबू, सामानसुमान व प्रसंगीं खुद्द तोही पुढच्या गांवापर्यंत पोंचविण्यास गांवकऱ्यांस धरीत. विचार करून पाहिलें तर बेगार ही त्या काळची सार्वजनिक वाहनव्यवस्थाच होय. माणसें गांवचीं, वाट गांवची, ओझें तेवढें सरकारचें. रोग्याचें ओझें तींत बसत नसे. तें भाऊबंदांनीं उचलावें. बाजेस दोर बांधून मधून वांसा घालावा, पुढें-मागें खांदेकरी लावावे, आणि खांदा बदलण्यास तितकेच आणखी बरोबर घ्यावे, अशी रीत. एक रोगी नेण्यांत सात-आठ गड्यांचा दिवस मोडे, आणि तो दिवस रोवणीचा असला तर त्याची किंमत काय होते हें धानाच्या मुलखांतील वाचकांस सांगावयास नको. हा खर्च कोणत्याही वहींत पडलेला नाहीं. १९५१ सालीं जमीनदाऱ्या कायद्यानें संपल्या. बाज आणि वांसा हीं मात्र संपलीं नाहींत.

येथें डोलीविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे, कारण रोगी वाहण्याचें आपल्याकडील हेंच साधन इंग्रजी फौजेनें उचललें आणि त्याचे कागद ठेविले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशांत या शब्दाखालीं एक मौजेची आख्यायिका आहे. विलायतेंतील पार्लमेंटांत कोणा वक्त्यानें म्हणे असें सांगितलें कीं, लढाई संपतांच क्रूर डोल्यांनीं डोंगरांतून धांव घेऊन आमचे जखमी उचलून नेले! डोली ही एखादी रानटी जात असावी, अशी त्या गृहस्थाची समजूत. गोष्ट हंसण्यावारी नेण्यासारखी असली तरी तींत एक मर्म आहे. ज्यांच्या खांद्यांवर ती फौज उभी होती त्यांचें नांव सभेंत निघालें तें असें.

लखनौचा प्रसंग याहून गंभीर आहे. २६ सप्टेंबर १८५७ रोजीं हॅवलॉकच्या सैन्याच्या पिछाडीस राहिलेल्या जखमींच्या डोल्या रेसिडेन्सीकडे नेत असतां वाटाड्याची वाट चुकली, रांग एका चौकांत शिरली, गोळीबार सुरू होतांच भोई पळाले, आणि डोल्यांत पडलेले कित्येक जखमी तेथेंच मारले गेले. डोल्या होत्या, भोई होते, नेणाराही होता. खातेवहीनें पाहिलें तर व्यवस्थेंत उणें कांहींच नव्हतें. पुढें १९०१ सालीं फौजेनें डोलीवाहकांचें स्वतंत्र पथक उभारलें, व १९२० सालीं तें रुग्णालयाच्या नोकरवर्गांत मिळवून एकच दल केलें. रोगी वाहणें हें हमालीचें काम नसून वैद्यकाचाच भाग आहे, ही गोष्ट फौजेच्या कागदांत येण्यास इतका काळ लागला. फ्रेंच भाषेंतील ज्या शब्दावरून अँब्युलन्स हें नांव आलें त्याचा मूळ अर्थ चालतें रुग्णालय असा आहे. गाडी हा त्याचा मागाहूनचा अर्थ. आणि आपल्या खात्यांनीं घेतला तो हाच.

मुलकी बाजूस या व्यवस्थेचा पहिला मोठा प्रसंग प्लेगचा. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईस मांडवींत तो उद्भवला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांतून रोगी उचलून इस्पितळांत नेण्याचा अधिकार त्याखालीं सरकारास आला, व गाड्या निघाल्या. लोक त्या गाडीस मृत्यूइतकेंच भीत. रोगी माळ्यावर लपवीत. ९ मार्च १८९८ रोजीं मुंबईस याच झडत्यांवरून दंगा झाला. त्याच साथींत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन मुलाच्या, म्हणजे डॉ. यशवंत यांच्या, दवाखान्यांत आणलें. त्यांस स्वतःस रोग जडला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. सरकारी गाडी व बाईंची पाठ, दोहोंनींही रोगीच वाहिला. भेद इतकाच कीं एकीचा खर्च अहवालांत आहे आणि दुसरीची हकीकत लोकांच्या स्मरणांत. तोच १८९७ चा कायदा २०२० सालीं करोनाच्या साथींत पुनः काढण्यांत आला, आणि त्या वर्षीं राज्य सरकारनें खासगी रुग्णवाहिका ताब्यांत घेण्याचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस दिले. जी सक्ति पूर्वीं अंमलदाराच्या तंबूसाठीं चाले ती या वेळीं रोग्यासाठीं चालली, ही बेगारीच्या इतिहासांत नोंदण्याजोगी गोष्ट आहे.

आतां ब्रह्मपुरीकडेच पुनः वळूं, आणि वाहन सोडून थोडा वेळ पाण्याकडे पाहूं. या तालुक्यांत व शेजारच्या सिंदेवाही-नागभीड भागांत कोहळ्यांनीं बांधलेले तलाव व बोड्या आहेत, आणि धान पिकतें तें त्यांच्यावर. तलाव ही या प्रांतांतली जुन्यांतली जुनी सार्वजनिक मत्ता. तिच्या व्यवस्थेचे कागद ज्यांनीं पाहिले असतील त्यांस ठाऊक आहे कीं त्यांत गांवीं तलाव एक, बोड्या तीन, एवढ्यावर भागत नाहीं. बंदोबस्ताच्या वेळीं गांवोगांव जे वाजिब-उल-अर्ज लिहिले गेले त्यांत व निस्तारपत्रकांत पाण्याचा हक्क कोणाचा, चराई कोठें, लाकूड कोठून, वाट कोणाच्या बांधावरून, कोतवालाचा हक्क काय, हें कलमवार येतें. पाणी वांटणारा मनुष्य ठरलेला असे आणि पाळीही ठरलेली. टोंकाच्या शेतास पाणी पोंचलें नाहीं तर कोणाची चूक हें लगेच उघड होई. नोंद मत्तेची नसून तिच्या उपभोगाची असे. या सदरांत रोगी नेण्याचें सदर नाहीं. ज्या मुलखानें पाण्याच्या पाळीचा इतका कसून हिशेब ठेविला त्यानें दुखणाइताच्या वाटेचा ठेविला नाहीं, आणि जेव्हां सरकारनें ती वाट आपल्याकडे घेतली तेव्हां तलावाच्या कागदाचा नमुना पुढें न ठेवतां पालखीच्या कागदाचा ठेविला. मत्ता लिहिली, पाळी लिहिली नाहीं. आमच्या मतें पुढील सर्व अव्यवस्थेचें मूळ येथें आहे.

हें विधान कोरडें वाटूं नये म्हणून अलीकडील व्यवस्थेचा तपशील देतों. जून २०११ पासून बाळंतिणीस व नवजात बालकास सरकारी वाहनानें फुकट ने-आण करण्याची योजना चालू झाली. १०२ या क्रमांकाच्या गाड्या त्याच कामाच्या. २०१४ सालीं १०८ ची तांतडीची सेवा महाराष्ट्रभर सुरू झाली. तिच्यांत ९३७ वाहनें होतीं. पैकीं २३३ अधिक सामग्रीचीं व ७०४ साधीं. हाक मारावयाची ती पुण्यास औंध येथील नियंत्रण कक्षांत. ब्रह्मपुरीच्या वेशीबाहेर अपघात झाला तरी तो निरोप शेंकडों किलोमीटर जाऊन परत येतो. यंत्राच्या युगांत त्यास पळें लागतात, तेव्हां त्याबद्दल तक्रार नाहीं. पण औंधच्या पडद्यावर रस्ता दिसतो तो आषाढांतला कीं वैशाखांतला हें तेथील माणसास समजणें कठीण.

पैशाची वाट याहून वांकडी आहे. खासदारांच्या स्थानिक विकास निधीतून रुग्णवाहिका विकत घेतां येते. मात्र त्या निधीच्या नियमांप्रमाणें चालकाचा पगार, इंधन व दुरुस्ती हा वारंवार होणारा खर्च त्यांतून करतां येत नाहीं. म्हणजे गाडी एका हातानें येते आणि तिचें चालणें दुसऱ्या हातावर अवलंबून राहतें. पहिल्या हाताचें नांव गाडीच्या बाजूवर ठळक अक्षरांत रंगविलेलें असतें, लोकार्पणाचा समारंभ होतो, छायाचित्रें निघतात. दुसऱ्या हाताचें नांव कोणास ठाऊक नसतें. दुरुस्तीच्या मंजुरीसाठीं उभी असलेली गाडी हें सरकारी आवारांतलें नित्याचें दृश्य होय, आणि वाहनांच्या यादींत तीही एक म्हणून मोजली जाते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या मंजुऱ्यांत चालविण्याचा खर्च वाहनागणिक दरमहा धरण्याची रीत आहे. खेप झाली कीं न झाली, पंधरा मिनिटांत कीं तीन तासांत, याचा त्या मुख्य आंकड्याशीं संबंध नसतो. तो दंडाच्या किंवा तपासणीच्या कलमांत येतो, आणि तपासणी ज्या नोंदींवरून व्हावयाची त्या नोंदी वाहन चालविणाराच ठेवीत असतो. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी पुढें चालविणें बंद झालें. नियम वाजवी आहे. पण जुनी गाडी तारखेस थांबते, आणि नवी गाडी अंदाजपत्रकास धरून येते.

आतां मुलूख पाहा. ब्रह्मपुरी तालुक्यांतील लाडज या गांवास वैनगंगेनें वेढा दिला आहे. तेथें जाणें-येणें नावेचें. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वरच्या धरणांचें पाणी सोडल्यामुळें नदीस महापूर आला तेव्हां लाडजासह कांठचीं कित्येक गांवें पाण्यांत गेलीं, व माणसें बाहेर काढण्यास आपत्तिनिवारणाचीं पथकें आणावीं लागलीं. अशा गांवच्या हिशेबांत चार चाकांचें वाहन लिहिणें म्हणजे शून्य लिहिणें होय. दक्षिणेस भामरागडची गोष्ट तीच: पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलें कीं त्या तालुक्याचा मार्ग तुटे, आणि हें वर्षानुवर्षें दर पावसाळ्यांत घडत आलें. जुलै २०२० मध्यें त्याच तालुक्यांतील एक गरोदर स्त्री सुमारें तेवीस किलोमीटर पायीं चालून लाहेरीच्या आरोग्य केंद्रास आली.

सप्टेंबर २०२४ मध्यें अहेरी तालुक्यांत घडलेली हकीकत सर्व वर्तमानपत्रांत आली. तापानें दगावलेलीं दोन मुलें खांद्यांवर घेऊन आईबाप जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रापासून चिखलांतून आपल्या गांवाकडे पंधरा किलोमीटरांच्या वाटेस लागले; तें चित्र वडेट्टीवारांनींच प्रसिद्ध केलें. या हकीकतीचे दोन भाग लोक एकांत मिसळतात. मुलें प्रथम वैदूकडे नेलीं होतीं व केंद्रांत आणलीं तेव्हां गतप्राण झालीं होतीं, असें प्रसिद्ध झालें. तेव्हां गाडी असती तर तीं वांचतीं, असें या कागदावरून म्हणतां येणार नाहीं. दुसरा भाग मात्र निःसंशय आमच्या विषयाचा आहे. जिमलगट्ट्यास गाडी नव्हती. ती देचलीपेठ्याहून बोलावून देतों असें सांगण्यांत आलें, आणि आईबाप थांबले नाहींत. जिल्ह्याच्या यादींत देचलीपेठ्याची गाडी होतीच. यादी खोटी नव्हती आणि आईबापांचें चालणेंही खोटें नव्हतें. दोन्ही खरीं असूं शकतात अशी जी व्यवस्था, तिचा हिशेब यादीवरून तपासणें व्यर्थ आहे.

२०२४ च्या नव्या कंत्राटाकडे या दृष्टीनें पाहिलें असतां एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. दहा वर्षांच्या त्या योजनेंत वाहनें १,७५६ धरलीं. पैकीं २५५ अधिक सामग्रीचीं, १,२७४ साधीं, ३६ नवजात बालकांसाठीं, १६६ दुचाकी आणि २५ नौका. नौका व दुचाकी यांस सरकारी यादींत असें स्थान मिळालें, हें लाडज-भामरागडच्या लोकांचें दुःख कोणाच्या तरी कानीं गेल्याचें चिन्ह आहे. ढिवराचा डोंगा जें काम बिनवेतन करी तें सरकारच्या कलमांत आलें. पण पंचवीस नौका साऱ्या महाराष्ट्रास! समुद्रकांठ, धरणांचे फुगवटे आणि वैनगंगा-इंद्रावतीचा मुलूख यांत त्या वांटावयाच्या. त्या कोठें बांधल्या, कोणत्या घाटावर, नावाडी कोण, पुराच्या दिवशीं सुटली कीं बांधलेलीच राहिली, हीं कलमें एकंदर आंकड्याहून अधिक मोलाचीं आहेत, आणि वादाच्या धुमाळींत तींच कोणीं विचारलीं नाहींत. इतका मोठा खर्च प्रति वाहन धरावा कीं प्रति खेप, या प्रश्नावर एक दिवस चर्चा झाली असती तर भ्रष्टाचाराच्या आरोपासही निश्चित रूप आलें असतें.

संग्राहकांसाठीं कांहीं व्यवहाराच्या सूचना लिहितों. सरकारी कचेऱ्यांतील कागद अ, ब, क, ड अशा वर्गांत लावले जातात. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, आणि 'ड' वर्गाचा कागद वर्षभरांत निकालांत निघतो. २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेखांचा कायदा त्यामागें आहे. गाडी खरेदीचा ठराव व दानपत्र हीं वरच्या वर्गांत टिकण्याचा संभव अधिक. चालकाचें लॉग-बुक, इंधनाच्या पावत्या व दुरुस्तीचीं बिलें हीं लेखापरीक्षण आटोपलें कीं रद्दींत जाण्याच्या पंथास लागतात. शंभर वर्षांनीं चांद्याचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हातीं यामुळें पुनः पालखीची नेमणूक येईल आणि भोई कोठें गेले तें येणार नाहीं. जुनीं पोथ्या-बाडें मिळविण्यास आपण खेडोपाडीं जातों. त्याच फेरींत आरोग्य केंद्राच्या लिपिकास भेटावें, रद्दीचा निकाल केव्हां होतो तें विचारावें, आणि रीतसर अर्ज करून लॉग-बुकांच्या प्रती मागाव्या. रोग्यांचीं नांवें झांकून घेण्यास हरकत नसावी. आपणांस तारीख, निघण्याची वेळ, पोंचण्याची वेळ, किलोमीटर आणि गाडी न गेल्यास न जाण्याचें कारण, एवढीं पांच सदरें पुरेशीं आहेत. ग्रामपंचायतींच्या ठराववह्यांतही पूल, नाव व गाडी यांविषयींच्या मागण्या सांपडतात. त्यांची तारीख व उत्तराची तारीख शेजारीं लिहावी. खांदेकरी म्हणून गेलेलीं माणसें गांवोगांव हयात आहेत; कोणत्या वाटेनें, किती जणांनीं, किती वेळांत, हें त्यांच्या तोंडून आजच टिपून घ्यावें.

संगणकांतील नोंदींचा प्रश्न अधिक नाजूक आहे. १०८ ची हाक ज्या क्षणीं लागते तो क्षण औंधच्या कक्षांत उमटतो. गाडी दारीं आल्याचा क्षण स्थानिक वहींत उमटतो. कंत्राट बदलतें तेव्हां यंत्रें व माणसें बदलतात. कंत्राटदाराकडील नोंदी मुदतीअखेर पुराभिलेखागाराच्या नागपूर शाखेंत विभागवार जमा व्हाव्या, अशी अट पुढील करारांत घालण्याविषयीं मंडळानें सरकारास लिहावें, अशी आमची सूचना आहे. औंधची नोंद आणि ब्रह्मपुरीचें लॉग-बुक हीं शेजारीं ठेविलीं म्हणजे हाक व पोंच यांमधला वेळ निघतो; दोहोंतलें एक गहाळ झालें तर उरलेल्यावरून तो निघत नाहीं.